ताईचा बी-सत्तावीसचा रिपोर्ट

माझी कंबर सकाळी दुखायची आणि दुपारपर्यंत थांबायची. हेच उलटं असतं तर लोकांनी विश्वास ठेवला असता. दिवसभर राबून संध्याकाळी कंबर धरली तर बाई थकली म्हणतात. रात्रभर झोपून सकाळी धरली तर नखरे म्हणतात. उठायचं तर मला आधी कुशीवर वळावं लागे, मग पलंगाची कड धरून पाय खाली सोडायचे आणि पाच-दहा मिनिटं तसंच बसून राहायचं. न्हाणीपर्यंत भिंतीला हात लावत जायचं. शाळेत पोचेपर्यंत मात्र मी सरळ चालत असे, आणि दुपारी मुलांबरोबर मैदानात उभी असे. सासूबाई एकदा शेजारणीला म्हणाल्या की आमच्या सुनेची कंबर स्वयंपाकाच्या टायमालेच धरते. मी आतून ऐकलं. राग आला नाही, कारण त्या सांगत होत्या ते खरंच होतं.

मी अमरावतीला राहते आणि वलगावच्या शाळेत मराठी शिकवते. लग्नाला बारा वर्षं झाली, मुलगा अकरा वर्षांचा आहे. दुखणं तो दोन वर्षांचा असताना सुरू झालं. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, बाळंतपणानंतर होतं असं, म्हणाले, कॅल्शियम दिलं आणि पट्टा बांधायला सांगितला. दुसऱ्यांनी एमआरआय काढला. त्यात मणक्यांमधली एक गादी जराशी सरकलेली दिसली. त्यांनी तीन आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली. मी रजा टाकून पडून राहिले आणि तीन आठवड्यांनी मला उठवायला दोघं लागले. पडून राहिलं की माझं दुखणं वाढतं आणि चाललं की कमी होतं, हे मी सांगत होते. ऐकणारा प्रत्येक जण मान हलवायचा आणि विश्रांतीच लिहून द्यायचा.

हे सगळं मी ज्या एका माणसाला रोजच्या रोज सांगत होते, ती माझी ताई.

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी सातवीत असताना आई गेली. ताईचं लग्न होऊन ती नुकतीच अकोल्याला गेली होती. आम्ही मूर्तिजापूरला राहायचो. बाबा तिथल्या एसटी डेपोत कंडक्टर होते. त्या वर्षापासून ताई दर पंधरा दिवसांनी येऊन माझी वेणीफणी, कपडे, वह्या, सगळं पाहून जायची. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा बाबांनी डेपोतून तिला फोन लावला आणि ती पुढच्या गाडीनं आली. त्यामुळे माझ्या अंगात काही झालं की ताईला कळवायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. लग्नानंतरही ते तसंच राहिलं. शाळेतून आले की चहा टाकायचा आणि ताईला फोन लावायचा.

ती ऐकून घ्यायची. शेक घे म्हणायची. मेथीचे लाडू करून भाच्याच्या नावानं पाठवायची. आज किती वेळ कडक होती, असं विचारायची. मी म्हणायचे, पाऊण तास. ती म्हणायची, हं. एकदोनदा तिनं सांगितलं की हा हाडाचा डॉक्टर सोड, नागपूरले जाऊन ये. मी विचारलं, नागपूरला कोणाकडं? तर म्हणाली, असंच, मोठं गाव आहे म्हणून म्हटलं.

आमच्या बाबांना मान वळवता येत नसे. कोणी डावीकडून हाक मारली तर ते सगळंच्या सगळं अंग डावीकडं फिरवायचे. एसटीतले प्रवासी त्यांना ताठ माणूस समजायचे. तीस वर्षं गाडीच्या हादऱ्यात उभं राहून मान आखडली, असं ते स्वतः सांगत आणि आम्ही तेच सगळ्यांना सांगत असू. म्हातारपणी ते पुढं वाकले. झोपताना तीन उशा लागायच्या. सहा वर्षांपूर्वी ते गेले. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी माहेरी होते, आणि सकाळी मला पलंगावरून उठताना त्यांनी पाहिलं. जवळ येऊन कमरेवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा.

गेल्या वर्षी शाळेतल्या एका शिक्षिकेनं मला सांगितलं की नागपूरचे एक संधिवाताचे डॉक्टर महिन्यातून एकदा अमरावतीला येतात. मी म्हटलं, माझे गुडघे चांगले आहेत. ती म्हणाली, जाऊन तर ये. गेले. त्या डॉक्टरांनी माझी जुनी फाइल बाजूला ठेवली आणि प्रश्न विचारायला लागले. दुखण्यानं पहाटे जाग येते का? उठून चाललं की कमी होतं का? टाच दुखते का? डोळा कधी लाल होऊन उजेड सहन होईना असं झालं का? आठ वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी माझंच दुखणं मला वाचून दाखवत होतं. मी हो हो म्हणत गेले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी विचारलं, घरात कोणाला असं काही? मी बाबांची मान सांगितली. डोळ्यांच्या प्रश्नाला मात्र मी म्हटलं, माझे नाही, पण माझ्या बहिणीचे डोळे वरचेवर येतात. त्यांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. म्हणाले, बहिणीला एकदा दाखवून घ्यायला सांगा.

त्यांनी दोन तपासण्या लिहून दिल्या. एक, मणका जिथे खुब्याच्या हाडांना जोडतो त्या सांध्यांचा एमआरआय. दुसरी रक्ताची, एचएलए-बी२७.

लॅबमधल्या बाईंनी ते वाचून सांगितलं, हे बी-सत्तावीस इथं होत नाही, मुंबईला जातं. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं. मी चौकशा करणारी बाई आहे, म्हणून त्यांनी हात चालू ठेवत समजावून सांगितलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर एक खूण असते, ती आहे की नाही एवढंच पाहायचं असतं. पेशी ताज्या लागतात. म्हणून ही नळी फ्रीजमध्ये ठेवायची नाही, आणि शनिवारी हे रक्त घ्यायचंच नाही, कारण रविवारी ते वाटेत पडून राहील. त्यांनी आणखी एक सांगितलं: ही तपासणी आयुष्यात एकदाच करायची, साखरेसारखी पुन्हा पुन्हा नाही, जन्मतः जे आहे ते बदलत नाही. फॉर्मवर घरच्या आजारांची एक ओळ होती. मी लिहिलं, वडील, मान.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. एका पानावर एकच शब्द कामाचा होता: पॉझिटिव्ह.

डॉक्टरांनी आधी माझी भीती काढली. म्हणाले, ही खूण म्हणजे आजार नाही. कितीतरी लोकांत ती असते आणि त्यांना जन्मभर पत्ताही लागत नाही. आपल्या शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी घरच्याच सांध्यांवर का उठतात, ते पूर्ण कोणालाच ठाऊक नाही, पण ही खूण असलेल्यांत ते जास्त होतं. तुमचं दुखणं, हा एमआरआय आणि हा रिपोर्ट तिन्ही एकत्र ठेवले तर हा मणक्याचा संधिवात आहे यात शंका राहत नाही. मग एमआरआयच्या फिल्मवर बोट ठेवून दाखवलं, डाव्या बाजूचा सांधा बराचसा सांधून गेला होता. मी विचारलं, हा मोकळा होईल? ते म्हणाले, जे जुळलं ते जुळलं, पुढचं आपण थांबवू. आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. दोष देत नव्हते, विचारलं म्हणून सांगितलं.

त्या रविवारी मी अकोल्याला गेले. मला ताईची काळजी वाटत होती. बाबांकडून माझ्यात आलं तर तिच्यातही आलं असेल, तिचे डोळे, तिला बिचारीला कोणी सांगितलंच नसेल, असं मी मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मनात जुळवत होते. घाबरवायचं नाही, हळूच सांगायचं, असं ठरवलं होतं.

ताईच्या यजमानांचं, म्हणजे भाऊजींचं, बियाणं-औषधांचं दुकान आहे. रविवार म्हणून ते घरी होते. जेवणं झाल्यावर मी रिपोर्ट काढला आणि सुरुवात केली. ताईनं कागदाकडं पाहिलंच नाही. चहा ठेवते म्हणून उठून आत गेली. भाऊजींनी चष्मा लावून कागद हातात घेतला.

"हे तर तुया ताईचंच आहे ना," ते म्हणाले. "हेच बी-सत्तावीस. आपण मुंबईले पाठवलं होतं."

मला वाटलं त्यांचा घोळ होतोय. मी म्हटलं, हे माझं आहे, नाव पाहा. ते म्हणाले, नाव तुझंच आहे, पण तपासणी हीच. डोळ्याच्या डॉक्टरनं करायला लावली होती. आणि मग माझ्या तोंडाकडं पाहून त्यांचा आवाज खाली आला.

"तुले माहीत नव्हतं? मी समजलो, तुमी दोघी बहिणी रोज बोलता."

ते साधे गृहस्थ आहेत. लपवायचं आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही पडली नव्हती. त्यांनी कपाटातून फाइल आणली. वरचा कागद डोळ्यांच्या डॉक्टरांचा होता. डोळ्याच्या आत सूज, पुन्हा पुन्हा होणारी, तपासणी पॉझिटिव्ह. खाली मराठीत, पेनानं, मोठ्या अक्षरात एक ओळ: भावंडांना कंबरदुखी असल्यास जरूर दाखवून घेणे.

तारीख माझ्या लग्नाच्या दीड महिना आधीची होती.

मी ती फाइल घेऊन स्वयंपाकघरात गेले. चहा उकळून उकळून काळा झाला होता आणि ताई गॅससमोर उभी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मी विचारलं, हे काय आहे? तिनं आधी गॅस बंद केला.

"बाबा म्हणे, लहानीचं होऊन जाऊ दे. मंग सांगू."

"बाबांना माहीत होतं?"

"मी त्याईलेच पहिले सांगतलं होतं."

"आणि लग्न झाल्यावर?"

"लगेच तुले दिवस गेले. त्यात कायले घाबरवायचं, म्हटलं."

"मग?"

"मंग तू फोनवर सांगाले लागली, कंबर दुखते म्हणून. मी म्हटलं, आता सांगतो, आता सांगतो." तिनं तो चहा मोरीत ओतला. "मंग सांगाले तोंड नाही राह्यलं."

मी रडले नाही, ओरडले नाही. मला एवढंच सुचत होतं की तिनं मला विचारलं होतं, आज किती वेळ कडक होती? दर वेळी विचारलं होतं. काळजीनं विचारते असं मी समजत होते. काळजी होतीच, ते आजही नाकारत नाही. पण ती काय मोजत होती ते तिला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. आठ वर्षं मी तिच्यासमोर एकेक लक्षण ठेवत गेले आणि तिनं ते तिच्या फाइलशी ताडून पाहिलं. नागपूरला जा म्हणाली, पण कोणाकडं ते सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर कसं ठाऊक, हेही सांगावं लागलं असतं.

आणि बाबा. त्या उन्हाळ्यात माझ्या कमरेवर हात ठेवून उभे राहिले होते, तेव्हा त्यांना माहीत होतं.

निघताना ताई फाटकापर्यंत आली. मला वाटलं, आता काही म्हणेल. ती म्हणाली, "पोरीचं अमरावतीच्या स्थळाशी बोलणं चालू आहे. तिची टाच दुखून राह्यली दोन महिन्यांपासून. तिचं होऊ दे, मंग सांगू तिले. तू सध्या काही बोलू नको."

तिची मुलगी, माझी भाची, तेवीस वर्षांची आहे. अमरावतीत बँकेत नोकरी करते, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि बहुतेक रविवारी आमच्याकडं जेवायला येते. मी ताईला उत्तर दिलं नाही. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की नाही म्हटलेलं नाही म्हणजे ती हो समजणार.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, लग्नाआधी कळलं असतं तर आमच्या घरच्यांनी खरंच नाही म्हटलं असतं. हे त्यानं प्रामाणिकपणानं सांगितलं, आणि मला तेही लागलं. म्हणजे बाबांचा हिशोब बरोबर होता. माझा संसार, माझा मुलगा, या सगळ्याच्या बदल्यात माझा डावा सांधा गेला, असं समजून मी गप्प बसायचं होतं का? मी ते मान्य करून पाहिलं. लग्नापुरतं मान्य होत होतं. त्यापुढच्या प्रत्येक संध्याकाळच्या फोनचं होत नव्हतं.

औषधं सुरू झाली. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी पहिल्याच आठवड्यात एवढा फरक पडला की एका सकाळी मी उठून सरळ न्हाणीत गेले आणि परत येऊन पलंगावर बसून खूप रडले. सासूबाई धावत आल्या, विचारलं, लय दुखते का? मी म्हटलं, नाही, दुखत नाही. त्या माझ्याजवळ बसल्या. मी आजार समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "मले काय ठाऊक होतं, बाई," आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळचा कुकर त्या लावायला लागल्या.

भाची येत होती, जेवत होती, जात होती. ज्या दिवशी मुक्कामाला राहायची त्याच्या दुसऱ्या सकाळी ती आधी चवड्यांवर चालायची. मी पाहायचे. दर रविवारी ठरवायचे की आज सांगायचं. मग वाटायचं, ताईची मुलगी आहे, ताईनं सांगावं. मग वाटायचं, स्थळ चांगलं आहे, ठरून जाऊ दे. शेवटी एका रविवारी तिनं मला विचारलं, मावशी, तुझी कंबर कशानं बरी झाली गं? आणि मी सांगितलं. माझं, बाबांचं, तिच्या आईचं. फाइलमधली ओळसुद्धा सांगितली. तिला हेही सांगितलं की तिच्यात ती खूण असेलच असं नाही, शक्यता निम्मी, आणि असली तरी आजार होईलच असं नाही. पण टाच दुखते आहे तर दाखवायला पाहिजे.

तिनं विचारलं, "आईले कधीपासून माहीत आहे?"

मी सांगितलं.

"आणि तुले?"

"तीन महिने झाले."

"मंग तीन महिने तू काय करून राहिली होती?"

तिनं ताट उचलून ठेवलं, चपला घातल्या आणि गेली. पुढचे दोन रविवार आली नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिनं मेसेज केला की नागपूरचे डॉक्टर कधी येतात. मी बरोबर गेले. तिचं रक्तही मुंबईला गेलं आणि पॉझिटिव्ह आलं. सांधे मात्र स्वच्छ होते, फक्त टाचेत सूज. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोजचा व्यायाम लिहून दिला, आणि वेळेवर आलात, म्हणाले. ते ऐकताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

स्थळाकडच्या मुलाला तिनं स्वतःच सांगितलं. मला आधी विचारलं नाही, तिच्या आईलाही नाही. आठ दिवसांनी त्यांच्याकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्याच्या दोन महिने आधीच जुळली होती.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. अकोल्याहून आल्यापासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो. ती रागानं बोलत नव्हती, थकलेल्या आवाजात बोलत होती.

"मी तुयासाठी तोंड बंद ठेवलं," ती म्हणाली. "तू माया पोरीसाठी ठेवू नाही शकली."

मी म्हटलं, तू माझ्यासाठी नाही ठेवलंस, ताई. पहिले दीड महिने माझ्यासाठी होते. पुढचे स्वतःसाठी. तिनं फोन ठेवला.

त्याला आता सात महिने झाले. भाचीची टाच बरी आहे. ती रविवारी येते, पण आल्या आल्या गप्पा मारत ओट्यावर चढून बसायची तसं आता करत नाही. मुलाचा अभ्यास घेते, जेवते, निघते. मुलाची तपासणी करायची का, असं नवऱ्यानं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही होत नसताना लहान मुलाची ही तपासणी करायची गरज नाही, फक्त घरात माहिती असू द्या. म्हणून मी मुलाला सांगितलं आहे, त्याला समजेल एवढं. त्यानं दोन प्रश्न विचारले आणि खेळायला गेला.

ताईचा डोळा गेल्या महिन्यात पुन्हा लाल झाला. भाऊजींनी कळवलं. मी शाळेतून रजा काढून अकोल्याला गेले, तिला डॉक्टरांकडं नेलं, दोन दिवस राहून थेंब घातले. आम्ही भाजी निवडली, टीव्ही लावला, भाऊजींच्या दुकानाविषयी बोललो. बाबांचं नाव दोघींनीही काढलं नाही. ताईनं अजून माफी मागितलेली नाही. मागितली तर मी काय म्हणेन, तेही मला अजून ठरवता आलेलं नाही. शाळेतून आले की मी चहा टाकते, आणि फोन हातात घेतला तरी लावत नाही.